धातूला साखर कशी कळते?

एखाद्या द्रावणात किती साखर आहे हे यंत्राने मोजायचं म्हटलं, की साखरेच्या स्वभावामुळेच पंचाईत होते. तिला रंग नाही. औषधांचे बहुतेक रेणू अतिनील प्रकाश शोषतात, म्हणून औषध कंपन्यांच्या लॅबमध्ये तो प्रकाश सोडून मोजणी उरकते. साखरेतून मात्र तो जवळपास जसाच्या तसा पार जातो. साध्या पाण्यात तिच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे मिठासारखी वाहकता मोजूनही भागत नाही. शिवाय या शर्करा एकमेकींसारख्या असतात त्या वेगळ्याच. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांच्यात फरक काय, तर चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट एकात एका बाजूला, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला. अणू तेच, त्यांची संख्या तीच, वजनही तेच.

आपल्याकडच्या साखर कारखान्यांनी यातून आपले मार्ग काढले आहेत. ब्रिक्स बघायला रिफ्रॅक्टोमीटर असतो, पण तो रसात विरघळलेलं सगळंच मोजतो: साखर, क्षार, डिंक, सगळं एका आकड्यात. पोल काढायला पोलॅरीमीटर असतो. सुक्रोज, म्हणजे आपली चहातली साखर, ध्रुवीकृत प्रकाशाचं (एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाचं) प्रतल उजवीकडे फिरवते. किती अंश फिरवलं यावरून तिचं प्रमाण निघतं. पण ऊस तोडून फडात पडून राहिला की सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि फ्रुक्टोज प्रतल डावीकडे जोरात फिरवतं. त्याच शिळ्या उसात जिवाणू डेक्स्ट्रान तयार करतात, ते पुन्हा उजवीकडे फिरवतं आणि सुक्रोजपेक्षाही जास्त. म्हणजे पोलचा आकडा ही या सगळ्या ओढाताणीची गोळाबेरीज असते. ताज्या, चांगल्या उसाला ती पुरते. नेमकी कुठली शर्करा किती, हे वेगवेगळं सांगायची वेळ आली की पुरत नाही.

तिथे धातूचा एक छोटासा तुकडा कामाला येतो. सोन्याचा, प्लॅटिनमचा, तांब्याचा नाहीतर निकेलचा. अनेकदा त्याचा व्यास जेमतेम एक मिलिमीटर असतो. तो द्रावणात ठेवायचा, त्याला ठराविक व्होल्टेज द्यायचं आणि त्यातून किती विद्युतप्रवाह वाहतो ते बघायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण हे काम विश्वासाने करता यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. त्याला कारण साखर नव्हे, धातूचा पृष्ठभाग.

साखर जे काही सोडते

साखरेच्या रेणूला इलेक्ट्रॉन सोडायला आवडतं. आपलं शरीर तिच्यातून ऊर्जा काढतं ते तिचे इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने काढून घेऊनच. रसायनाच्या भाषेत हे ऑक्सिडेशन. ते शरीराच्या पेशीत न होता धातूच्या पृष्ठभागावर झालं, तर सुटलेले इलेक्ट्रॉन धातूत शिरतात, तारेतून पुढे जातात आणि मीटरमध्ये प्रवाह म्हणून दिसतात. जितके रेणू ऑक्सिडाइझ होतील तितका प्रवाह.

हा हिशोब मोठा लोभस आहे. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कूलोम भार. ग्लुकोजने दोन इलेक्ट्रॉन सोडले की त्याचं ग्लुकोनिक आम्ल होतं. आता एक पिकोमोल ग्लुकोज घ्या. त्याचं वजन १८० पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा साधारण साडेपाच अब्जावा भाग. इतक्या ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूने दोन-दोन इलेक्ट्रॉन दिले, तर मिळणारा भार सुमारे १९३ नॅनोकूलोम. साधारण इलेक्ट्रॉनिक सर्किटला हा भार आरामात मोजता येतो. प्रत्यक्षात द्रावण इलेक्ट्रोडवरून, म्हणजे त्या धातूच्या तुकड्यावरून, वाहत असतं आणि त्यातला थोडाच भाग पृष्ठभागाला शिवतो, तरीही पिकोमोलच्या पातळीवरची साखर या पद्धतीने पकडता येते. ज्या रेणूला रंग नाही, भार नाही, त्याच्यासाठी ही संवेदनशीलता कमालीचीच म्हणायची.

मग अडलं कुठे? पहिली गोष्ट, कुठलाही इलेक्ट्रोड चालत नाही. विद्युत-रसायनात काचसदृश कार्बनचा इलेक्ट्रोड सर्रास वापरतात. त्यावर साखर जवळजवळ काहीच करत नाही. उपयोगाच्या मर्यादेतलं कुठलंही व्होल्टेज दिलं तरी ढिम्म. कारण साखरेचा इलेक्ट्रॉन असा लांबून उडी मारून जात नाही. रेणूला आधी पृष्ठभागावर टेकावं लागतं, त्याचा कार्बन-हायड्रोजन बंध तिथे सैल व्हावा लागतो, मगच पुढची क्रिया घडते. म्हणजे इलेक्ट्रोड इथे नुसती तार नाही, तो या क्रियेचा उत्प्रेरक आहे. हे काम प्लॅटिनम आणि सोनं करतात. तांबं आणि निकेलही करतात, पण त्यांची रीत निराळी आहे. त्यांच्याकडे पुढे येऊ.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. जो धातू साखरेला धरून ठेवतो, तो तिच्या तुकड्यांनाही धरून ठेवतो. प्लॅटिनमवर ग्लुकोज ऑक्सिडाइझ होऊ लागलं की काही अर्धवट तुटलेले अवशेष आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे तुकडे पृष्ठभागाला घट्ट चिकटतात. जागा अडते, नवीन रेणूंना टेकायला ठिकाणच उरत नाही. स्थिर व्होल्टेज देऊन बसलात तर सुरुवातीला छान प्रवाह दिसतो आणि बघता बघता तो उतरत जातो. ज्या उपकरणाचं वाचन सकाळी एक आणि दुपारी दुसरं, त्याच्या भरवशावर कोण रिपोर्टवर सही करणार?

सोन्याची उलटी चाल

सोन्याची पकड प्लॅटिनमपेक्षा सैल, म्हणून त्यावर घाण कमी जमते. पण साध्या, तटस्थ पाण्यात सोनं साखरेच्या बाबतीत बरंचसं थंड असतं. ते जागं होतं कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, पीएच १२-१३ च्या आसपास. सोनं कशाशीच संयोग पावत नाही हे आपण दागिन्यांवरून शिकलेलं ज्ञान. अल्कलीत मात्र सोन्याच्या अगदी वरच्या अणूंवर हायड्रॉक्साइड येऊन बसतं. खरं ऑक्साइड तयार होण्याच्या बरंच आधी, कमी व्होल्टेजलाच. साखरेचं ऑक्सिडेशन घडवून आणतं ते हेच पृष्ठभागावरचं हायड्रॉक्साइड.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सायक्लिक व्होल्टॅमोग्रॅम काढतात: व्होल्टेज हळूहळू वर न्यायचं, मग तसंच हळूहळू खाली आणायचं, आणि त्याच वेळी प्रवाहाचा आलेख काढत जायचा. सोन्यावर, अल्कलीत, ग्लुकोज घालून हा आलेख काढला तर गंमत दिसते. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत साधारण उणे ०.६ व्होल्टपासून पहिला छोटा उंचवटा सुरू होतो. हा ग्लुकोजच्या अल्डिहाइड टोकाचा. त्याच्या पुढे शून्याच्या आसपासपासून मोठी लाट उठते. आता रेणूतले अल्कोहोल गटही क्रियेत उतरलेले असतात. सॉर्बिटॉल या ग्लुकोजच्या भाऊबंदाला अल्डिहाइड टोक नसतं, त्यामुळे त्याच्या आलेखात पहिला उंचवटा गायब असतो आणि दुसरी लाट मात्र शाबूत.

आणखी वर गेलं की प्रवाह कोसळतो. साखर संपलेली नसते. सोन्यावर आता खऱ्या ऑक्साइडचा थर आलेला असतो आणि त्यावर साखरेची क्रिया चालत नाही. खरी मजा परतीच्या वाटेवर आहे. व्होल्टेज खाली येताना सोन्याचं ऑक्साइड निघून जातं, खालचं स्वच्छ सोनं उघडं पडतं, आणि त्याच क्षणी साखर त्यावर तुटून पडते. व्होल्टेज उतरतंय आणि ऑक्सिडेशनचा प्रवाह एकदम वर उसळतोय, असं उलटं चित्र दिसतं. पहिल्यांदा हा आलेख बघणाऱ्या विद्यार्थ्याला हमखास वाटतं की तारा उलट्या जोडल्या गेल्या असाव्यात. पण पुढच्या सगळ्या तंत्राचं बीज त्या एका उसळीत आहे: ऑक्साइड चढवलं आणि उतरवलं की सोनं पुन्हा कोरं होतं.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात डेनिस जॉन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी नेमकं हेच हेरलं. घाण जमणार असेल तर ती टाळण्याच्या मागे लागायचं नाही. दर वेळी मोजून झालं की पृष्ठभाग धुऊन घ्यायचा, आणि तेही व्होल्टेजनेच. १९८१ मध्ये ह्यूजेस आणि जॉन्सन यांनी प्लॅटिनमवर तीन टप्प्यांचं व्होल्टेज देऊन साध्या शर्करा मोजून दाखवल्या. १९८३ मध्ये रॉकलिन आणि पोल यांनी सोन्याचा इलेक्ट्रोड आणि शर्करा वेगळ्या करणारा कॉलम यांची जोडी जमवली. या पद्धतीला पल्स्ड अँपेरोमेट्री म्हणतात. डोशाच्या तव्यासारखंच हे काम आहे: एक डोसा उतरवला की पाणी शिंपडायचं, अर्धा कांदा फिरवायचा, मगच पुढचं पीठ ओतायचं.

आज सर्रास वापरला जाणारा क्रम चार टप्प्यांचा आहे आणि तो सगळा मिळून अर्ध्या सेकंदात संपतो. जरा जवळून बघू.

सुरुवातीचे ४०० मिलिसेकंद इलेक्ट्रोडवर अधिक ०.१ व्होल्ट असतं. यातले पहिले २०० मिलिसेकंद यंत्र काहीही नोंदवत नाही. कारण व्होल्टेज बदललं की धातू आणि द्रावण यांच्या सीमेवर भार जमा होताना एक प्रवाह वाहतो, त्याचा साखरेशी काही संबंध नसतो. तो विझेपर्यंत थांबायचं. नंतरच्या २०० मिलिसेकंदांत जो प्रवाह वाहतो त्याची बेरीज घ्यायची. तोच साखरेचा आकडा, नॅनोकूलोममध्ये. मग व्होल्टेज धाडकन उणे २ वर. तिथे जेमतेम १० मिलिसेकंद. पृष्ठभागाला चिकटलेला कचरा सुटतो. लगेच अधिक ०.६, म्हणजे सोन्यावर ऑक्साइडचा पातळ थर. मग उणे ०.१ वर येऊन तो थर उतरवायचा. कोरं सोनं तयार, पुन्हा पहिल्या टप्प्याला सुरुवात. सेकंदाला दोन फेऱ्या, तासाला ७,२००.

जुना तीन टप्प्यांचा क्रम याहून सोपा होता, पण त्यात सफाईसाठी सोन्यावर दर फेरीत बराच काळ ऑक्साइड चढवत ठेवायचं. ते उतरताना दर वेळी सोन्याचा किंचितसा अंश द्रावणात जायचा. काही आठवड्यांत इलेक्ट्रोड भोवतालच्या प्लॅस्टिकच्या पातळीखाली खोल जायचा आणि वाचन घसरत जायचं. १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या चार टप्प्यांनी ही झीज पुष्कळ कमी केली. लॅबच्या बजेटला याची जाणीव जास्त असते, शोधनिबंधांना कमी.

ओळख पटवायचं काम दुसऱ्याचं

इतकं करूनही एक मूळ उणीव राहतेच. सोन्याला साखर आहे हे कळतं, कुठली आहे ते कळत नाही. ग्लुकोज असो, लॅक्टोज असो की सॉर्बिटॉल, धातूच्या लेखी सगळे इलेक्ट्रॉन सारखे. म्हणून इलेक्ट्रोडच्या आधी शर्करांना एकेक करून पुढे पाठवणारं काहीतरी हवं. ते काम कॉलम करतो, आणि इथेही तोच कॉस्टिक सोडा उपयोगी पडतो.

शाळेत आपण साखरेला आम्ल म्हणत नाही, पण अतिशय दुबळं आम्ल ती आहेच. आम्लाचा जोर पीकेए या आकड्याने सांगतात; तो जितका जास्त तितकं आम्ल दुबळं. ग्लुकोजचा पीकेए सुमारे १२.३, फ्रुक्टोजचा १२.०, सुक्रोजचा १२.५, सॉर्बिटॉलचा १३.६. पीएच १३ च्या द्रावणात यातल्या बहुतेकांचा एक हायड्रोजन निघून जातो आणि रेणूवर ऋण भार येतो. कॉलममध्ये धन भाराचे बारीक मणी भरलेले असतात. ज्याला भार कमी तो लवकर सुटतो, ज्याला जास्त तो रेंगाळतो. सॉर्बिटॉल सगळ्यांच्या पुढे निघून जातो. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज, ज्यांच्यात एका हायड्रॉक्सिलच्या दिशेपलीकडे फरक नाही, तेही सौम्य कॉस्टिकमध्ये वेगळे होतात: गॅलॅक्टोज आधी, ग्लुकोज मागोमाग. एकच द्रव शर्करांना भार देतो, वेगळं करतो आणि सोन्यालाही जागं ठेवतो. इतका जमून आलेला योग विश्लेषण रसायनात क्वचितच सापडतो.

मात्र हा द्रव नीट बनवणं हीच या तंत्रातली खरी कटकट आहे. कॉस्टिक सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याचं कार्बोनेट होतं. कार्बोनेटवर दोन ऋण भार असतात, म्हणून ते कॉलमच्या मण्यांवर घट्ट बसतं आणि साखरेच्या जागा बळकावतं. परिणामी सगळ्या शर्करा दिवसेंदिवस लवकर बाहेर पडू लागतात. काल ज्या मिनिटाला ग्लुकोज यायचं तिथे आज दुसरंच काहीतरी येतं. म्हणून बाटलीतल्या पांढऱ्या गोळ्या विरघळवून हे द्रावण बनवत नाहीत; त्या गोळ्यांवर कार्बोनेटचं कवच आधीच चढलेलं असतं. वजनाने ५० टक्क्यांचं तयार द्रावण आणतात. इतक्या दाट कॉस्टिकमध्ये कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. बाटली न हलवता मधल्या थरातून पिपेटने हवं तेवढं उचलायचं, आधीच वायूमुक्त केलेल्या शुद्ध पाण्यात सोडायचं, आणि वर हेलियम किंवा नायट्रोजनचा दाब ठेवायचा. बाटली प्लॅस्टिकची, कारण कॉस्टिक काच खातं. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर लोक पानंच्या पानं लिहितात, पण निकाल बिघडतात ते बहुतेकदा या बाटलीपाशी.

एवढी उठाठेव कशासाठी, तर दुसऱ्या कुठल्या मार्गाने सहज न मिळणारी उत्तरं इथे मिळतात म्हणून. लॅक्टोजमुक्त दुधात लॅक्टेज एन्झाइमने लॅक्टोज फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं (म्हणून ते दूध जास्त गोड लागतं). त्यात उरलंसुरलं लॅक्टोज किती, हे त्या दोघांच्या ढिगाऱ्यातून शोधायचं असतं. इन्स्टंट कॉफीत कॉफीच्या फळाची टरफलं किंवा इतर काही मिसळलं आहे का, हे तपासायचा आयएसओचा मार्ग हाच: झायलोज आणि ग्लुकोजचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की भेसळीचा संशय. लाकूड किंवा पाचट जळताना सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसन नावाची एक शर्करा-सदृश वस्तू तयार होते आणि धुराच्या कणांवर बसून दूर जाते. हवेतले कण फिल्टरवर गोळा करून ती याच पद्धतीने मोजता येते. आणि मळी! तिच्यातला काळा, चिकट पसारा पोलॅरीमीटरला आंधळा करतो. तिथे सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज वेगवेगळे मोजायला हीच जोडी उपयोगी पडते.

तांब्याची रीत

बारावीच्या प्रयोगशाळेत फेहलिंगच्या निळ्या द्रावणात ग्लुकोज घालून उकळल्यावर विटकरी लाल गाळ पडलेला अनेकांना आठवत असेल. साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये लेन-आयनॉन टायट्रेशन करतात तेही त्याच क्रियेवर. त्यात साखर इलेक्ट्रॉन देते आणि तांब्याचा आयन ते घेऊन खालच्या अवस्थेत येतो. पण सुक्रोज या परीक्षेत गप्प राहतं, कारण त्याचं इलेक्ट्रॉन देणारं टोक जोडणीत अडकलेलं असतं.

इलेक्ट्रोडवरचं तांबं यापेक्षा वरचढ आहे. कॉस्टिक सोड्यात तांब्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि साधारण अधिक ०.६ व्होल्टला तो थर साखरेचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो, लगेच तारेत सोडतो आणि पुन्हा घ्यायला मोकळा होतो. इथे सुक्रोजही बोलतं, कारण नुसतं अल्डिहाइड टोक नाही, साधे अल्कोहोल गटही तुटतात. ग्लुकोजची तर पार मोडतोड होते: सहाही कार्बन सुटे होऊन फॉर्मेट बनतं आणि एका रेणूमागे बारा इलेक्ट्रॉन मिळतात. दोनाच्या जागी बारा म्हटल्यावर प्रवाह त्या मानाने वाढतोच. शिवाय चिकटून बसणारे अर्धवट तुकडे फार उरत नसल्याने व्होल्टेजच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. स्थिर व्होल्टेजवर काम चालतं. लुईव्हिल विद्यापीठात प्रभू आणि बाल्डविन यांनी १९८९ मध्ये तांब्याचा असा वापर करून दाखवला. या क्रियेत तांबं खरंच तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेपर्यंत चढतं का, यावर अजून एकमत नाही. क्रिया उत्तम चालते, ती का चालते यावर भांडण सुरू आहे, असं रसायनात बरेचदा होतं.

निकेलचं कोडं यापेक्षा उलगडलेलं आहे. १९७१ मध्ये फ्लाइशमान, कोरिनेक आणि प्लेचर यांनी दाखवलं, की अल्कलीत निकेलवर हायड्रॉक्साइड असतं, व्होल्टेज चढवलं की त्याचं ऑक्सिहायड्रॉक्साइड होतं, आणि इलेक्ट्रॉन काढून घ्यायचं काम हे ऑक्सिहायड्रॉक्साइडच करतं. काम झालं की ते पुन्हा हायड्रॉक्साइड होतं आणि तारेतून परत चार्ज होतं. निकेल-कॅडमियम सेलच्या धन ध्रुवात हीच जोडी असते.

या दोन धातूंची किंमत सोन्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरी लॅबमध्ये सोनंच टिकून आहे, कारण तांबं आणि निकेल अल्कोहोल, अमिनो आम्लं, जे समोर येईल ते ऑक्सिडाइझ करत सुटतात. आणि तांब्याचा थर दिवसागणिक बदलतो.

ग्लुकोमीटरमधला धातू

आता घरातल्या ग्लुकोमीटरकडे वळू. बोटाला टोचायचं, पट्टीला रक्ताचा थेंब लावायचा, काही सेकंदांत आकडा. पट्टीवर इलेक्ट्रोड असतात, सोन्याचे, पॅलेडियमचे किंवा कार्बनचे. पण त्या इलेक्ट्रोडला ग्लुकोज दिसतच नाही.

तिथे ओळख पटवायचं काम एन्झाइम करतं. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडजवळ ठेवायची कल्पना मांडली. हे एन्झाइम बाकीच्या शर्करांकडे जवळजवळ ढुंकूनही बघत नाही, ग्लुकोज मात्र धरतं, त्याचे दोन इलेक्ट्रॉन काढतं आणि ऑक्सिजनला देऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. प्लॅटिनमला पेरॉक्साइड अधिक ०.६ व्होल्टच्या आसपास छान कळतं. १९७५ मध्ये ओहायोतल्या यलो स्प्रिंग्जमधल्या कंपनीने बाजारात आणलेलं ग्लुकोज-मापक यंत्र याच तत्त्वावर चालायचं. पुढे १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये फेरोसीनच्या जातीचा रेणू ऑक्सिजनच्या जागी वापरला गेला. एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे आणि धातूला नेऊन द्यायचे, एवढंच त्याचं काम. १९८७ मध्ये त्यावरून पेनाएवढा ग्लुकोमीटर आला. रक्तातल्या ऑक्सिजनवर अवलंबून राहणं बरंच कमी झालं आणि व्होल्टेजही कमी लागू लागलं.

व्होल्टेज कमी लागणं ही मोठी गोष्ट आहे. अधिक ०.६ व्होल्टला प्लॅटिनम रक्तातलं क जीवनसत्त्व, युरिक आम्ल आणि पोटात घेतलेलं पॅरासिटामॉल हेही ऑक्सिडाइझ करतं. अंगाला चिकटवून ठेवायच्या काही जुन्या ग्लुकोज सेन्सरवर तापाची गोळी घेतली की साखर वाढल्याचा खोटा आकडा यायचा, त्याचं कारण हेच.

आणि एन्झाइमची निवड चुकली तर काय होतं, याचं उदाहरण फार कडू आहे. काही पट्ट्यांमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी पीक्यूक्यू प्रकारचं ग्लुकोज डिहायड्रोजिनेज असायचं. ते माल्टोजलाही ग्लुकोज समजतं. पोटातून डायलिसिस करताना वापरल्या जाणाऱ्या आयकोडेक्स्ट्रिन या द्रवापासून शरीरात माल्टोज तयार होतं. मीटर साखर जास्त दाखवायचं, इन्सुलिन दिलं जायचं, आणि खरी साखर मात्र आधीच कमी असायची. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये याबाबत इशारा दिला, तेव्हा १९९७ पासून अशा १३ मृत्यूंची नोंद झालेली होती.

एन्झाइम उष्णतेने आणि दमटपणाने मरतं, म्हणून पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवायची आणि मुदत बघून घ्यायची असते. साहजिकच एन्झाइमशिवाय, नुसत्या धातूने रक्तातली साखर मोजायचा मोह जुना आहे. १९०९ मध्ये वॉल्टर लोब यांनी गंधकाम्लात शिशाच्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोजचं ऑक्सिडेशन तपासलं होतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत निकेल, तांबं, कोबाल्ट यांचे सूक्ष्म कण, तारा, फुलं, काय काय बनवून एन्झाइमविरहित ग्लुकोज सेन्सरचे निबंध ढिगाने आले. त्यातल्या पुष्कळांची गोष्ट एकाच वाक्यात अडकते: मोजणी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये केली. म्हणजे तोच कॉस्टिक सोडा, पीएच १३. रक्ताचा पीएच ७.४ असतो. तांब्याचं ऑक्साइड किंवा निकेलचं ऑक्सिहायड्रॉक्साइड यांची करामत अल्कलीशिवाय चालत नाही हे आपण बघितलंच. रक्ताचा थेंब कॉस्टिकमध्ये टाकून मोजला तर आकडा येईल, पण ते काम लॅबचा कॉलम आधीच जास्त चांगलं करतो, आणि शरीरावर लावायच्या सेन्सरला तर हा रस्ताच बंद.

प्लॅटिनम आणि सोनं ७.४ ला थोडंफार काम करतात, पण रक्तात लिटरमागे सुमारे १०० मिलिमोल क्लोराइड असतं आणि ते या धातूंच्या पृष्ठभागावर बसून ग्लुकोजची जागा अडवतं. उपाशीपोटी ग्लुकोज असतं ४ ते ५.५ मिलिमोलच्या आसपास. म्हणजे जागेसाठी झगडणाऱ्यांत क्लोराइड वीसपट. त्यातून वाट काढायला काही संशोधक इलेक्ट्रोडला मोजणीच्या आधी क्षणभर बरंच ऋण व्होल्टेज देतात. त्याने पृष्ठभागालगतचं पाणी फुटून हायड्रॉक्साइड तयार होतं आणि धातूच्या अंगाशी, पातळशा थरात, काही क्षणांपुरता पीएच चढतो. तेवढ्यात व्होल्टेज वर नेऊन ग्लुकोज मोजून घ्यायचं आणि मग पृष्ठभाग साफ करायचा. घामातलं ग्लुकोज मोजायला अंगावर लावायच्या पट्ट्यांवर हे करून झालं आहे. निवडकपणाचा प्रश्न त्यातही उरतोच. असा कुठलाही नवा निबंध हाती आला की मी आधी पीएच शोधतो, मग क्लोराइड किती होतं ते बघतो, आणि फ्रुक्टोज व क जीवनसत्त्व घालून तपासलं का ते बघतो. संवेदनशीलतेचा आकडा मी शेवटी वाचतो.